माझे बूच सैल नव्हते

मी एक जुने लाकडी पिंप आहे, आणि मी रागावलो आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू नेहमी मवाळ आवाजात बोलतात असे तुम्हाला वाटत असेल, तर आज तसे होणार नाही.

एका सुताराने सोळा फळ्या लोखंडी पट्ट्यांत आवळून मला घडवले. तळाशी एक भोक ठेवले आणि त्यात बूच ठोकले. तेव्हापासून मी आत्याच्या परसात आहे. सारी गल्ली तिला आत्याच म्हणते. ती घरी कातडे कमावते. झाडाची साल कुटून माझ्यात भिजवते आणि त्या तपकिरी पाण्यात कच्चे कातडे कित्येक महिने मुरवते.

आता एक गोष्ट नीट ऐका. कच्चे कातडे एकदम कडक पाण्यात घातले, तर ते वरून आवळते आणि आत कच्चेच राहते. म्हणून सुरुवात जुन्या, मवाळ पाण्याने करायची. ते पाणी आत्या जिवापाड जपते. अगदीच निकामी झाले, तर बादलीने उपसून मागच्या खड्ड्यात ओतते. गटारात कधीच नाही. गटार तळ्याला मिळते, आणि त्यात काही सोडायचे नाही, हा तळ्याच्या समितीचा नियम आहे.

समितीचे प्रमुख स्वतः मासे धरतात. उठता-बसता नियम ऐकवतात, म्हणून लोक त्यांना माघारी नियमकाका म्हणतात. पिल्ले वाढण्याच्या दोन महिन्यांत तळ्यात जाळे टाकायचे नाही, हाही त्यांचाच नियम. ती बंदी उठायला तीन दिवस उरले, तेव्हा ते आपले सुती जाळे घेऊन आले. सालीच्या पाण्यात मुरलेले जाळे लवकर कुजत नाही. आत्याने आपले अर्धवट कमावलेले कातडे त्यांच्यासाठी बाहेर काढले, ओल्या पोत्याखाली ठेवले, जाळे माझ्यात सोडले आणि एवढेच सांगितले, "जाळं वरून काढा, भाऊ. बुचाला हात लावू नका." मग ती दोन दिवस बहिणीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी काका आले. जाळे वरून काढायचे तर हात कोपरापर्यंत रंगणार. ते त्यांना नको होते. त्यांनी दगडाने ठोकून माझे बूच काढले. आत्याचे वर्षभर जपलेले पाणी गटारातून तळ्यात गेले. काकांनी जाळे उचलले, बूच परत ठोकले आणि शीळ घालत निघून गेले. संध्याकाळी काठच्या उथळ पाण्यात बोटाएवढी पिल्ले पांढरी पोटे वर करून तरंगत होती.

आत्या परतली, तर दारात समिती उभी. तिला घरी कातडे कमावू द्यायचे की नाही, ते आठ दिवसांनी ठरणार होते. तोवर मला कुणी हात लावायचा नाही. आणि काका काय म्हणाले असतील? "पिंप जुनं झालंय. बूच सैल आहे, गळलं असणार. त्या बाईचा तरी काय दोष?"

वर ही दया! माझे बूच सैल?

बैठक परसातच भरली. आत्याने आधी आपले कातडे सर्वांपुढे टाकले. पाण्याविना ते पत्र्यासारखे झाले होते. "माझंच पाणी मी फेकेन का?" एवढेच तिने विचारले. मग म्हणाली, "भरा पिंप. गळतं का बघा."

काकांनी लगेच होकार दिला. पण मी आठ दिवस उन्हात कोरडा पडलो होतो. माझ्या फळ्या आक्रसल्या होत्या. पाणी ओतताच साऱ्या सांध्यांतून धारा लागल्या. लोक हसले. काका म्हणाले, "ही तर चाळण आहे." इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"लाकूड आहे ते, तहानलंय," आत्या म्हणाली. "पिऊ द्या त्याला."

ती बादलीमागून बादली ओतत राहिली. मी प्यायलो, फुगलो. दुपारपर्यंत एकेक सांधा मिटला. बुचातून तर सकाळपासून थेंब आला नव्हता. मासे विकणारी आजी वाकली, तिने बुचाखाली हात फिरवला आणि म्हणाली, "इथं ठणठणीत कोरडं आहे. आणि हा दगडाचा वण ताजा दिसतोय." मग तिने काकांकडे पाहिले. "जाळं तुमचं एवढं तपकिरी, मग हात कसे हो स्वच्छ राहिले?"

आत्याचे काम वाचले. काका म्हणाले, "गैरसमज झाला." झाला म्हणे! जणू तो आपणहून माझ्यात येऊन पडला होता. पिल्ले मेली, कातडे वाया गेले, त्याचे काय?

यंदा ते पुन्हा जाळे घेऊन आले. आत्याने नाही म्हटले नाही. फक्त बुचासमोर स्टूल टाकून बसली. काकांनी निमूटपणे बाह्या सरसावल्या आणि दोन्ही हात माझ्यात बुडवले.

मित्रांनो, माझ्यासारख्या लाकडी भांड्याला कोरडे टाकू नका. आणि चूक तुमच्या हातून झाली, तर ती मुक्या वस्तूवर ढकलू नका. आम्हाला बोलता येत नाही, पण रंगवता येते. काकांचे हात पंधरा दिवस तपकिरी होते.