काळ्या खिडकीतलं घर

आमच्या कंपनीत माणसाला लॅपटॉप मिळतो, पण हात बांधून मिळतो. पेन ड्राइव्ह चालत नाही, बाहेर फाइल पाठवता येत नाही, आणि नवं काही टाकायला गेलं की मशीन पासवर्ड मागतं. तो पासवर्ड फक्त आम्हा हेल्पडेस्कवाल्यांकडे. दिवसभर लोक फोन करून डोकं खातात आणि मी एकच पालुपद लावते, "आधी तिकीट टाका, मग बोला." तिकीट म्हणजे तक्रारीची नोंद. यावरून लोक माझी टर उडवतात. उडवू देत.

माझी ताई याच कंपनीत प्रोग्रॅमर होती आणि भाऊजी अकाउंट्समध्ये. ताईला जाऊन आता वर्ष होईल. आजारपणात, बोटं चालत होती तोवर, तिने टिकलीसाठी एक खेळ लिहिला. टिकली म्हणजे तिची मुलगी. खेळात चित्रं नाहीत, आवाज नाही. नुसती काळी खिडकी आणि पांढरी अक्षरं. आणि आत त्यांचंच घर. "स्वयंपाकघरात जा" असं लिहिलं की खाली उत्तर यायचं, "आलात बाईसाहेब? आधी हात धुवा." "पलंगाखाली बघ" लिहिलं की, "तुझा एक मोजा सापडला. दुसरा कुठे ते मला विचारू नकोस, मी काय मोज्यांवर पहारा देत बसू?" काहीही लिहा, ताईकडे उत्तर तयार. मी दोन-चार खोल्या फिरून आले तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली, आणि मग बाथरूमचं दार लावून मी पोटभर रडले.

हा खेळ लिनक्स नावाच्या, विंडोजसारख्याच दुसऱ्या प्रणालीवर चालायचा. विंडोजच्या पोटात एक लहानसं लिनक्स बसवता येतं, त्यात. ताईला तिचा लॅपटॉप कंपनीला परत करायचा होता, म्हणून तिने ते लिनक्स खेळासकट, कंपनीच्याच नेटवर्कवरून, भाऊजींच्या लॅपटॉपवर हलवलं. "वाचायला लागली की द्या तिला," ती म्हणाली होती. "पण वाचून दाखवायचं नाही हं. तिचं तिने वाचायचं." दुसरी प्रत कुठेच नव्हती. आमच्या मशीनमध्ये जे जातं ते बाहेर निघत नाही.

यंदा टिकली वाचायला लागली. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, दिसेल ते. भाऊजींनी तिला शब्द दिला, शुक्रवारी आईचा खेळ. आणि मंगळवारी त्यांचा मला फोन.

"अगं, ते लिनक्स उघडतच नाहीये. लाल अक्षरांत काहीतरी येतंय."

"हात लावू नका. मी बघते."

बघितलं. सिक्युरिटीवाल्यांनी, म्हणजे आमच्या भाषेत कुलूपवाल्यांनी, नवा नियम लावला होता. लिनक्सला जी सोय लागते ती त्यांनी सगळ्यांच्याच मशीनवर सरसकट बंद केली होती. आतला माल मात्र शाबूत होता. तेवढं कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला. एक बंद केलेली गोष्ट सुरू करायची होती, पण ती कुलूपवाल्यांच्या हातात.

परवानगी मागताना कारण निवडावं लागतं. ग्राहकाचं काम, चाचणी, प्रशिक्षण. यातलं काय निवडू? मी तणतणत सरळ कुलूपवाल्यांच्या साहेबांपुढे जाऊन उभी राहिले. चांगलं भांडायच्या तयारीने गेले होते, पण "ताईचा खेळ" एवढं म्हटलं आणि भांडायची गरजच उरली नाही. साहेब ताईला ओळखत होते. "शुक्रवारी दुपारपर्यंत करून देतो," म्हणाले, आणि शब्दाला जागले.

शुक्रवारी नेमकं मला मीटिंगमध्ये अडकवलं, आणि सोय सुरू झाली तरी मशीन एकदा बंद करून चालू करावं लागतं हे भाऊजींना सांगायचं राहून गेलं. भाऊजी शिस्तीचे. मेहुणीला सारखा त्रास कशाला द्यायचा, म्हणून त्यांनी रीतसर तिकीट टाकलं: "लिनक्स सुरू होत नाही." ते उचललं माझ्या शेजारी बसणाऱ्याने. त्याला आम्ही एक्सप्रेस म्हणतो, कारण तिकिटं बंद करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. मी मीटिंगमधून बाहेर आले तेव्हा त्याची नोंद समोर होती: "जुनं काढलं, नवं टाकलं. व्यवस्थित चालू." खाली भाऊजींनी पाच तारे देऊन "मनापासून आभार" लिहिलं होतं.

जुनं काढलं म्हणजे आतलं सगळं गेलं. ते कचरापेटीतसुद्धा जात नाही, सरळ पुसलं जातं.

"काढायच्या आधी आत काय आहे ते बघितलंस का रे?" मी एक्सप्रेसला विचारलं.

"आत? महत्त्वाचं काही असलं तर लोक डॉक्युमेंट्समध्ये ठेवतात ना. तसाच नियम आहे." त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. "का गं, काय झालं?"

खरंच तसाच नियम आहे. ओरडायला उघडलेलं तोंड मी मिटून घेतलं. भाऊजींना फोन लावला, पण ते लॅपटॉप घेऊन घरी निघाले होते, आणि गाडी चालवताना ते फोन घेत नाहीत. मी टॅक्सी पकडली. वाटेत भाऊजींना कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत होते आणि एकही धड जुळत नव्हतं.

दार उघडंच होतं. जेवणाच्या टेबलाशी, खुर्चीत उशीवर उशी ठेवून टिकली बसली होती. केस नीट विंचरलेले, अंगात ठेवणीतला फ्रॉक. भाऊजींचा चेहरा कितीतरी महिन्यांनी असा खुललेला पाहिला.

"ये ये! चालू झालं बघ. तू म्हणतेस ना, तिकीट टाका? टाकलं आणि झालं काम."

"भाऊजी, जरा थांबा," मी म्हणाले.

"मावशी, तू सांगायचं नाहीस," टिकली मान वर न करता म्हणाली. "माझं मला येतं." समोर तशीच काळी खिडकी होती, आणि एकेक अक्षर शोधत ती लिहीत होती. "आई मी आले." मग एंटर दाबलं.

खाली एक ओळ उमटली. अशी कमांड सापडत नाही, असं ते कोरं लिनक्स इंग्रजीत सांगत होतं.

टिकलीने त्या ओळीखालून बोट फिरवलं. "मावशी, हे इंग्रजीत का बोलतंय? आई माझ्याशी इंग्रजीत नाही बोलायची."

भाऊजी हसतच माझ्याकडे वळले. माझं तोंड बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. खुर्ची ओढून ते टिकलीजवळ बसले आणि स्क्रीनकडे न बघता टेबलाकडे बघत राहिले. मला त्या दोघांपैकी कोणाला आधी जवळ घ्यावं तेच सुचेना.

"तिने मला ओळखलं नसेल," टिकली म्हणाली, आणि खालच्या ओळीवर पुन्हा लिहायला लागली. "आई मी टिकली."