एकात दोन

शिवलिंगप्पाने भर दुपारी शटर खाली ओढलं, तेव्हा समोरच्या सायकल दुकानातल्या बिभीषणला वाटलं, कुणीतरी गेलं. गेवराईच्या स्टँडसमोरचं ते हॉटेल दिवसाउजेडी बंद पाहायची कुणाला सवयच नव्हती.

"कोण वारलं, अप्पा?"

"कुणी न्हाई. जरा जाऊन येतो," शिवलिंगप्पा म्हणाला आणि चालू लागला. कुठे, ते सांगायचाही त्याला कंटाळा आला होता.

कंटाळा हल्ली सगळ्याचाच येई. पहाटे पूजा, कपाळाला विभूती, मग भट्टी, दूध, कपबशा. हात आपोआप चालत, जीव मात्र बाकड्यावर आडवा होऊन पडलेला असे. त्यात मोठ्या रस्त्यावर पेट्रोल पंपाशेजारी एका कंपनीने कॉफीचं दुकान थाटलं. चहूबाजूंनी काच, आत गारवा. गावाने त्याला काचेचं हॉटेल म्हणून टाकलं. तिथली कॉफी पुण्यात, औरंगाबादेत नि गेवराईत एकसारखीच लागते, असं लोक कौतुकाने सांगत. त्यात कौतुक कसलं, हे शिवलिंगप्पाला कळत नसे. त्याचा चहा सकाळी वेगळा, दुपारी वेगळा, आणि बायकोशी, नीलाबाईशी, वाजलेलं असलं की आणखीच वेगळा. जुनं गिऱ्हाईक पहिल्या घोटालाच विचारी, "आज घरी काय झालं, अप्पा?" आता हे विचारणारेही काचेआड जाऊन बसत होते.

काचेच्या हॉटेलाचा त्याला राग नव्हता. राग होता पोटच्या पोराचा. आपली जागा कंपनीला देऊ, असं रुद्रेश पोळ्याच्या सुमारास म्हणाला होता. शिवलिंगप्पाने भरल्या हॉटेलात त्याला सुनावलं, "आधी बापाला वीक, मग हॉटेल वीक." पोरगा कपबशी ठेवून निघाला, तो थेट त्याच कंपनीच्या दुकानात मॅनेजर म्हणून उभा राहिला. तेव्हापासून बापलेक एका घरात राहून नीलाबाईमार्फत बोलत. 'त्यांना सांग' आणि 'त्याला म्हणावं' यांतच दिवाळीही उरकली.

आता कंपनी रुद्रेशला सोमवारी औरंगाबादच्या दुकानात पाठवणार होती. न बोलता गेलेलं पोरगं परत फिरत नाही, ही नीलाबाईची धास्ती. तीच हळूहळू शिवलिंगप्पालाही लागली होती. त्यात सकाळी भजी तळता तळता नीलाबाईने सांगून टाकलं, की ती त्या दुकानात जाऊन आली आहे, आणि एकदाच नव्हे.

"कावून गेलतीस?" त्याने विचारलं.

"कावून म्हंजे? सारी उमर तुमच्या हाटेलात गेली माझी. भजी तळली, कपबशा घासल्या. या बाकड्यावर बसून कधी चहा पिले का मी? तिथल्या कामावरच्या पोरीनं खुर्ची वढून दिली मला."

इतकी वर्षं बाकड्यावर बाप्यांचीच गर्दी असे, आणि बायकोला तिथे बसवावं हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्याला लाज वाटली, पण ती बोलून दाखवायचं बळ नव्हतं.

"जावा एकदा," नीलाबाई म्हणाली. "पोरगं तुमच्यावानीच अडेल हाय. ते काय आधी येणार न्हाई."

भांडण मिटवायची शिवलिंगप्पाला एकच रीत येत होती. एक चहा सांगायचा, एकात दोन. बोलावलेल्या माणसाच्या हातात कप द्यायचा, बोलावणाऱ्याने आपला वाटा बशीत ओतून घ्यायचा. कप पाहुण्याचा, बशी घरधन्याची. चहा संपेपर्यंत कुणी जुनं काढायचं नाही. रामहरी आणि राधाकिशन हे चुलतभाऊ बांधावरून एकमेकांची डोकी फोडून कोर्टाच्या तारखेला आले होते. ते असाच एक चहा पिऊन कोर्टात न जाता गावी परतले. अशी कितीतरी भांडणं शिवलिंगप्पाने मिटवली, आणि आपल्या हॉटेलात कुणाहीबरोबर चहा घेताना त्याच्या वाट्याला कायम बशीच आली. मालकच होता तो. आजही रुद्रेशच्या हातात कप द्यायचा आणि आपण बशी घ्यायची, एवढं ठरवून तो निघाला होता.

काचेच्या दारापाशी त्याने चपला काढल्या. आतली फरशी इतकी लख्ख होती की देवळातल्यासारखा पाय आपोआप मोकळा झाला. अनवाणीच तो गल्ल्यापाशी गेला. तिथे टोपी घातलेली एक मुलगी होती, तिच्या छातीवरच्या पट्टीवर प्रियदर्शनी असं नाव होतं. रुद्रेश मागे मशीनपाशी पाठमोरा उभा होता.

"एक कॉफी द्या," शिवलिंगप्पा म्हणाला. "एकात दोन."

"काका, एका कॉफीला एकच कप देता येतो. कंपनीचा नियम आहे."

"मग कपासंगं बशी द्या."

"बशी नसते आमच्याकडे." मुलगी बिचारी ओशाळली. "दोन कॉफ्या देऊ का?"

"दोन नगं."

दोघांनी आपापला कप घेऊन प्यायचं असेल तर समोरासमोर बसायचं तरी कशाला, हे त्या पोरीला कसं सांगावं? हॉटेल आहे आणि बशी नाही, या विचाराने शिवलिंगप्पाला एकदम थकवा आला. इथवर आलो तेच चुकलं, असं वाटलं. आवाज ओळखून रुद्रेशने वळून पाहिलं होतं, पण तो जागचा हलला नाही.

झाकण लावलेला कागदी कप घेऊन शिवलिंगप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला. आता उठावं की थांबावं, हे त्याला कळेना. मग टोपी हातात घेऊन रुद्रेश आला आणि समोर बसला. बापाने कप त्याच्याकडे सरकवला.

"बशी न्हाई म्हनं तुमच्यात."

"न्हाई," रुद्रेश म्हणाला.

मग रुद्रेशने कपाचं झाकण काढलं, उलटं धरलं, त्याच्या भोकाला खालून बोट लावलं आणि त्यात अर्धी कॉफी ओतली. बोटाला चटका बसला असणार, थोडी कॉफी इस्त्रीच्या पँटवर गळलीही. त्याने हात हलू दिला नाही. पोरगं रीत विसरलं नव्हतं. झाकण घ्यायला त्याने हात पुढे केला, बशी त्याचीच होती.

रुद्रेशने झाकण दिलं नाही. दुसऱ्या हाताने कप त्याच्यापुढे केला.

"तुमी कप घ्या, अप्पा. हितं पाहुणे हायत तुमी."

बोलण्यात टोमणा नव्हता, मान होता. टोमणा असता तर शिवलिंगप्पाला उत्तर देता आलं असतं. पोरगा बोलला याचा त्याला आनंद झाला होता, आणि त्याच आनंदात काहीतरी हातचं गेलंही होतं. त्याने कप घेतला. कपाला कान नव्हता, म्हणून तो दोन्ही हातांनी धरावा लागला.

जुनं कुणी काढलं नाही. कॉफी फार वाईट नव्हती.

"बरी हाय," शिवलिंगप्पा म्हणाला.

"जायफळ न्हाई तिच्यात."

"तेच म्हनतो." मग त्याने विचारलं, "सोमवारी कवा निघायलास?"

"सकाळच्या गाडीनं."

"आईला दशम्या करायला सांगतो."

कॉफी संपल्यावर शिवलिंगप्पा सवयीने कप घेऊन उठला आणि विसळायला नळ शोधू लागला.

"टाकून द्यायचा असतो, अप्पा," रुद्रेशने कप त्याच्या हातातून घेतला. "बसा की, अजून एक घेऊ."

"न्हाई, निघतो. हाटेल उघडं टाकून आलोय."

बोलता बोलता खिशातून काढलेल्या हाताची मूठ त्याने पटकन मिटली. मुठीतून शटरची किल्ली अर्धी बाहेर राहिली होती. रुद्रेशने ती पाहिली. मग दारापर्यंत येऊन त्याने बापाच्या चपला सरळ करून ठेवल्या.

"जावा मग, अप्पा," तो म्हणाला. "गिऱ्हाईक थांबलं असंल."