खुर्ची भाड्याची, हात आपला

नागपूरच्या सदर भागात महादेवरावांचं केशकर्तनालय होतं. ही पंच्याहत्तर-शहात्तर सालची गोष्ट. दुकानात तीन खुर्च्या, तीन आरसे, आणि मागच्या पडद्यापलीकडे महादेवरावांचं घर. पहिल्या खुर्चीवर ते स्वतः काम करीत. दुसरीवर त्यांचे जुने सोबती रुपराव, ते पगारावर होते. तिसरी खुर्ची त्यांनी कुही गावाकडच्या लहानूला भाड्यानं दिली होती.

भाड्याची खुर्ची म्हणजे काय, हे केस कापायला बसणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी कधी विचारलं असेल? दर आठवड्याला मालकाला ठरलेलं भाडं द्यायचं. वस्तरा, कात्री, साबण, टॉवेल सगळं आपलं. गिऱ्हाईक आलं तर कमाई आपली, नाही आलं तर उपासही आपलाच. ताप आला म्हणून भाडं काही थांबत नाही.

लहानूचं कामही चांगलं होतं आणि बोलणंही. पण तो डावखुरा होता. आणि एका दिवशी तेवढ्यावरूनच सगळं बिघडलं.

कापडाचे व्यापारी ताराचंद शेठ घाईघाईत आले. पुतण्याचं लग्न, संध्याकाळी वरात. पहिल्या दोन्ही खुर्च्या भरलेल्या, म्हणून ते लहानूकडे बसले. गालाला फेस लागला. वस्तरा जवळ आला आणि शेठजींचं लक्ष हाताकडे गेलं.

"अरे! उलट्या हातानं?" शेठ फेसासकट उभे राहिले. "लग्नाले चाललो ना भाऊ मी! मयतीले नाही!"

बाकावर बसलेला एकजण म्हणाला, "शेठजी, दाढी वस्तऱ्यानं होते, मुहूर्तानं नाही!"

सगळे हसले. शेठ मात्र हसले नाहीत. त्यांनी महादेवरावांकडूनच दाढी करून घेतली आणि जाताना चार शब्द सुनावून गेले.

दुकान रिकामं झाल्यावर महादेवरावांनी लहानूला बोलावलं.

"उद्यापासून उजव्या हातानं काम कर. दुकानाचं नाव खराब होऊन राह्यलं."

"भाऊ, बालपणापासून डावाच चालते जी. मास्तरनं मारून मारून लिहाले उजव्यानं लावलं, ते जमलं. पण वस्तरा नाही जमत."

"मंग शिक. नाही जमलं तं रविवारी खुर्ची खाली कर. खुर्ची मागणारे लय आहेत."

लहानूनं वस्तरा पुसून मिटला. खुर्ची गेली तर त्याचं नागपूरच गेलं. पुन्हा गावी जायचं, बगलेत वस्तरा-कात्रीची धोकटी मारून दारोदार फिरायचं आणि खळ्यावर पायलीभर धानासाठी उभं राहायचं! त्या फिरण्याला कंटाळूनच तर तो बायको-मुलांसह शहरात आला होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं वस्तरा उजव्या हातात धरला. हळूहळू, भीत भीत. तरी एका जुन्या गिऱ्हाइकाच्या हनुवटीवर रक्त आलंच. लहानूनं तुरटी लावली, पण त्याची मान वर होईना.

"आज तुले झालं तरी काय गा, लहानू?" तो माणूस म्हणाला. "माही हनुवटी म्हणजे का धानाचा बांध हाय, खोदून राह्यला?"

हसत बोलला, पण पुन्हा आला नाही. दोन-चार दिवसांतच तिसऱ्या खुर्चीवर कोणी बसेना. आणि महादेवराव रुपरावांना म्हणू लागले, "पाह्यलं? हाताले वळणच नाही त्याच्या."

हे सगळं पडद्याआडून एक बाई ऐकत होती. महादेवरावांची आई, रुखमाबाई. रात्री मुलाच्या ताटात भाकर वाढताना तिनं विचारलं,

"महादेव, तू रुपरावले पगार देतं?"

"हाव. देतो ना."

"अन् लहानूले?"

"त्याले काहून देऊ? तोच मले भाडं देते."

"मंग तू त्याचा मालक कसा काय झाला बापा? भाडेकरू कोणत्या कुशीवर झोपते, हे काय घरमालक सांगते?"

महादेवरावांचा घास हातातच राहिला. "माय, दुकान माहं हाय. नाव माहं हाय. तुले धंद्यातलं काय समजते?"

"तुह्या बापाची धोकटी मी भरून देत होती, तवा तू रांगून राह्यला होता! आयक. दुकान तुहं, खरं हाय. जागा साफ राहो, वस्तरा गरम पाण्यातून निघो, कोणासंग भांडण न होवो, हे तू सांगू शकतं. तेवढा तुहा हक्क. पण हात त्याचा हाय. रुपरावले तू काम सांगतं, तं त्याच्या दुखण्याखुपण्यालेही पगार देतं. लहानूचं दुखणं त्याचं, तोटा त्याचा, अन् हुकूम तेवढा तुहा? हे कोणतं मीठ हाय रे, जे तुह्याच वरणात पडते?"

"शुभकामाले डावा हात चालत नाही, माय. ही जगाची रीत हाय. म्या नाही बनवली."

"बनवली नाही, चालवून तं तूच राह्यला!"

महादेवराव उठून हात धुवायला गेले. त्यांना काही पटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात महादेवरावांची बहीण शामला माहेरी आली होती. तिच्या मुलाचं जावळ काढायचं होतं. जावळ मामाच्या मांडीवर काढतात, ही आपली रीत. त्यामुळे महादेवराव मागच्या घरात भाच्याला घेऊन पाटावर बसले. लेकरू मांडीवर असल्यामुळे वस्तरा हाती घेणं त्यांना शक्य नव्हतं. ते काम रुपरावांकडे आलं.

रुपरावांनी केस ओले केले, थोडे कापले आणि वस्तरा उघडला. वस्तऱ्याचं पातं चमकताच लेकरानं किंकाळी फोडली. त्यानं मामाचा सदरा दोन्ही मुठींत धरला, गाल छातीवर दाबला आणि मान आखडून घेतली. रुपरावांचा हात ज्या बाजूनं येई, नेमके त्याच बाजूला त्याचे डोळे. पातं दिसलं की मानेला हिसका! खुळखुळा वाजवून झाला, गूळ चाटवून झाला. शेवटी रुपरावांनी वस्तरा मिटला.

"महादेवभाऊ, माह्यानं नाही होत. टाळू अजून भरली नाही लेकराची. हिसक्यात लागलं तं?"

शामला रडायला लागली. अर्धवट जावळ तसंच कसं ठेवायचं? रुखमाबाईनं पडदा सारला आणि दुकानात हाक मारली, "लहानू, ये गा बापू."

लहानू आला. गरम पाण्यानं हात धुतले, वस्तरा घेतला. आणि महादेवरावांकडे एकदा पाहून त्यानं तो उजव्या हातात धरला. हुकूमच तसा होता! हात थरथरत होता. ते थरथरणारं पातं भाच्याच्या मऊ टाळूकडे येताना महादेवरावांनी अगदी जवळून पाहिलं, आणि ते ओरडले,

"थांब! थांब लहानू! डाव्या हातानं कर!"

ते शब्द आपल्याच तोंडून निघाले, हे त्यांना क्षणभर कळलंच नाही.

लहानूनं वस्तरा डाव्या हातात घेतला.  लेकराचे डोळे एका बाजूला होते, आणि लहानूचा हात दुसऱ्या बाजूनं आला. त्या जिवाला पातं दिसलंच नाही. लहानू तोंडानं हळूच काहीतरी गुणगुणत होता. लेकराचा श्वास खाली गेला की वस्तरा सरके, श्वास वर आला की थांबे. टाळूवर कातडीखाली जीव धडधडत होता, तिथे तर तो हात असा फिरला, जसं पिकल्या साळीवरून वारं जातं. ना ओरखडा, ना हिसका. आपल्या सदऱ्यावरच्या मुठी सैल होत चालल्याचं महादेवरावांना जाणवलं. पहिली एक सुटली, मग दुसरी. लेकरू झोपलं होतं!

इतकी वर्षं ते याच धंद्यात होते. असा हात त्यांनी पाहिला नव्हता. तीन पावलांवरच तर होता तो, रोज! 

"बाप्पा!" रुपराव एवढंच म्हणाले.

महादेवरावांनी लहानूकडे पाहिलं. "लहानू, चुकलं माहं. आजपासून तुले डाव्या हाताची परवानगी हाय."

"परवानगी?" रुखमाबाई कडाडली. "तुह्या परवानगीचा हाय का तो हात? आज लेकराले लागलं असतं ना महादेव, तरी बी तो हात त्याचाच राह्यला असता! चांगलं काम केलं म्हणून तू हक्क देऊन राह्यला काय? तो पह्यलेपासूनच त्याचा होता. तू धरून ठेवला होता, तेवढा सोड."

 महादेवराव मांडीवरच्या लेकराकडे पाहत राहिले. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "लहानू, तुले काय पाह्यजे, तूच सांग."

लहानूला असं कोणी कधी विचारलं नव्हतं. तो जरा अडखळला.

"भाऊ, मेहरबानी नको. माही खुर्ची भिंतीले लागून हाय, डाव्या अंगाले उभं राहाले जागा नाही. हातभर सरकवली तं बरं होईन. अन् भाडं भरतो तोवर खुर्ची खाली कर म्हणू नका. म्हणायचंच असन तं महिनाभर पह्यले सांगा."

"बरोबर हाय," महादेवराव म्हणाले. बहिणीच्या मांडीवर लेकरू देऊन ते उठले, दुकानात गेले. ती लोखंडी खुर्ची एकट्यानं हलणारी नव्हती. एका बाजूनं मालकानं धरली, दुसऱ्या बाजूनं लहानूनं, आणि ती भिंतीपासून सुटली.

बंधूंनो, भगिनींनो, अशा भाड्याच्या खुर्च्या आपल्या सगळ्यांच्या आसपास आहेत. कोणी रिक्षा भाड्यानं चालवतो, कोणी शिवणयंत्र, कोणी दुकानाच्या ओट्यावरची वीतभर जागा घेतो. भाडं घेणाऱ्यानं वस्तूचं भाडं घ्यावं, माणसाचं घेऊ नये. हुकूम करायचा असेल तर पगार द्यावा आणि त्याच्या दुखण्याचा भारही उचलावा. आणि कष्ट करणाऱ्याचा हक्क त्याच्या कसबाचं बक्षीस म्हणून देऊ नये. ज्याचा हात साधा आहे, ज्याच्या हातून कधी रक्तही निघतं, त्याचाही हात त्याचाच असतो.