पोटातले पहारेकरी

कुरुळीच्या एका खोलीत ज्योतीराम आणि दिग्विजय चार वर्षं एका ताटात जेवले होते. दोघेही लातूरकडचे, कंपनीत एकाच लाइनवर शेजारी-शेजारी, आणि दोघेही कंत्राटी. यंदा कायम व्हायची जागा एकच होती. ज्योतीराम कामात उजवा, हे दिग्विजयही मान्य करायचा.

पण ज्या पोटासाठी गाव सोडलं, तेच पोट बिघडलं. संडासला रक्त पडायला लागलं तेव्हा ज्योतीराम गुपचूप संत तुकाराम नगरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. नळी घालून तपासणी झाली.

"शरीराच्या पहारेकऱ्यांची मोठी छावणी आतड्यात असते," बाई म्हणाल्या. "रोगजंतू आला तर त्याला हाणायचं. पण खाल्लेलं अन्न आणि आत राहणारे उपयोगी जंतू ओळखून गप्पही बसायचं. तब्येत त्यावरच टिकते. तुमचे पहारेकरी गप्प बसेनात. ते आतड्यालाच मारतायत."

"म्हंजी घरचेच उलटले म्हणा की."

"औषधानं शांत होतील. पण महिने लागतील. आणि सध्या तिखट बंद."

महिने आणायचे कुठून? लाइन सोडून संडासला जायचं तर आपल्या जागी कुणीतरी उभं राहावं लागतं. सुपरवायझरला सांगावं तर आजार उघडा पडणार. म्हणून त्याने एकट्या दिग्विजयला सांगितलं. तो जिवाभावाचा. शिफ्टमध्ये आठ-दहा वेळा दोन्ही कामं एकटा ओढायचा आणि खोलीवर येऊन बिनमिरचीची खिचडी टाकायचा. अशी माणसं नशिबानं मिळतात, असं ज्योतीराम आईला फोनवर सांगायचा.

औषध लागू पडलं, रक्त थांबलं. त्याच आठवड्यात कायम व्हायची मुलाखत होती. साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, "आतड्याचा आजार आहे म्हणे. लाइन किती वेळा सोडता?"

हे माहीत असलेला माणूस कंपनीत एकच होता.

तो खोलीवर आला तेव्हा दिग्विजय कुकर उतरवत होता.

"तूच सांगितलंस ना?"

दिग्विजयने खाली मान घालून ताट वाढलं. "जागा एकच व्हती, राव. तू आजारी माणूस. तसं बी किती दिवस टिकला असतास?"

"रगत थांबलंय माझं. तुलाच पैल्यांदा सांगितलं व्हतं."

"व्हय," दिग्विजय म्हणाला. "म्हणूनच घाई केली."

खिचडी नेहमीसारखीच मऊ होती, मिरचीचा कण नव्हता. ज्योतीरामने घास उचलला आणि तसाच ताटात ठेवला.