पुस्तकातला भाऊ

पडद्यावर हॉस्पिटलची खोली आली तसा माझा पाय हलायला लागला. बायकोने गुडघा दाबून धरला. "अहो, पुढची खुर्ची हलतेय," ती कुजबुजली. हलू दे. आता दोन मिनिटांत मी पडद्यावर येणार होतो आणि अख्ख्या थिएटरात नालायक ठरणार होतो.

माझी ताई लेखिका आहे. मी चष्मे करतो. तिच्या कादंबरीत आई जाते त्या दुपारी धाकटा मुलगा मॅटिनीला बसलेला असतो. नाव बदललंय, पण त्याचंही दुकान चष्म्याचंच. पुस्तक गाजलं आणि माझी पुरती शोभा झाली. गिऱ्हाईक फ्रेम नाकावर ठेवून आरशातून माझ्याकडे बघायचं, "तुम्हीच ना ते?" एक मास्तर तर नंबर तपासताना, एक डोळा झाकलेला असताना म्हणाले, "कसं जमलं हो तुम्हाला?" मी त्यांना सगळ्यात खालची ओळ वाचायला लावली.

गेलो होतो मी सिनेमाला, ते खरंच आहे. पण मला आईने पाठवलं होतं. सिनेमा हे आम्हा दोघांचं वेड. ताई पुस्तकवाली, तिला प्रत्येक सिनेमात मूळ गोष्टीची वाट लावलेली दिसायची. आईचं म्हणणं, लावली तर लावली, रडू आलं ना, मग झालं. त्या दुपारी ताई औषधं आणायला खाली गेली होती. आई म्हणाली, "जा रे, नवा लागलाय तो बघून ये. इथे बसून माझं तोंड काय बघतोस?" मी गेलो. परत आलो तेव्हा ताई बाहेरच्या बाकावर बसली होती. तिने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा सांगायचं राहिलं, आणि पुस्तक आल्यावर तर काहीही सांगणं सारवासारव वाटायला लागलं. पुस्तकाला सहा वर्षं झाली, आता त्यावर हा सिनेमा निघाला. परवा ताईने या खेळाचे दोन पास पाठवले तेव्हा ठरवलं, बघायचा, आणि बाहेर आल्यावर तिला एकदाचं ऐकवायचं. वाक्यं पाठ केली होती. दुकानात काचा घासताना मोठ्याने म्हणून बघायचो.

पडद्यावरची आई खोकली. मुलीने उशी सारखी केली. दार उघडलं, नर्स आली. परत उघडलं, डॉक्टर आले. आई गेली, मुलगी रडली, गाणं सुरू झालं. भाऊ नाहीच.

"तुम्ही कुठे आहात?" बायकोने कानात विचारलं.

"गप्प बस."

उरलेला सिनेमा मी खुर्चीच्या कडेवर बसून काढला. कुठेतरी असेन, एखाद्या फोटोत, दाराआड, निदान कुणाच्या बोलण्यात. नव्हतो. मला मुळापासून काढून टाकलं होतं. खरं तर सुटलो म्हणायला हवं होतं, पण डोकं असं फिरलं की दिवे लागायच्या आत मी उठलो आणि दोघातिघांच्या पायांवर पाय देत बाहेर पडलो.

थोड्या वेळाने ताई आली ती गर्दी घेऊनच. एक बाई म्हणत होत्या, "पुस्तकाची सर नाही हं." दुसऱ्या जाड भिंगांच्या बाईंना सिनेमाच जास्त आवडला होता, कारण त्यात तो मेला भाऊ नव्हता. मी ताईला दंडाला धरून जिन्याकडे नेलं.

"मला का काढलंस?"

"मी नाही, दिग्दर्शकाने. म्हणाला, असा मुलगा लोकांना पटत नाही."

"पटत नाही? सहा वर्षं माझ्या गिऱ्हाइकांना बरा पटला!"

"अरे, हळू बोल. तुला उलट बरं वाटायला हवं."

"ताई, मला आईने पाठवलं होतं." पाठ केलेलं सगळं उडालं, एवढंच निघालं. "ती जा म्हणाली, म्हणून गेलो."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"मी औषधं घेऊन वर आले तेव्हा तिनेच सांगितलं. म्हणाली, त्याला पिटाळलंय सिनेमाला, त्याला हे बघवणार नाही." ताईने पर्सची चेन उघडली, परत लावली. "मला बघवेल का, हे नाही विचारलं तिने. मला कधीच म्हणाली नाही रे, जा म्हणून."

ताईचे डोळे भरले होते. मला वाईट वाटत होतं आणि रागही जात नव्हता.

"मग तेच लिहायचं ना! मला कशाला बदनाम केलंस?"

"लिहून बघितलं. तीनदा. दर वेळी आई वाईट दिसायला लागली." ती खाली बघत म्हणाली. "कुणीतरी एक वाईट दिसणारच होतं. मग तुला केलं."

मी काही बोलायच्या आत जाड भिंगांच्या बाई तिला फोटोला बोलवायला आल्या. माझ्याकडे बघून थबकल्या. "हे कोण?"

"माझा भाऊ," ताई म्हणाली.

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अगबाई! म्हणजे पुस्तकातले ते?" ताई घाईघाईने काहीतरी सांगायला लागली, तेव्हा मी तिला अडवलं.

"हो, तोच मी," मी म्हणालो. "पुस्तकात आहे ते सगळं खरं आहे."