बाटलीतला गुलाब

दारातला गुलाब माझ्या आईच्या हातचा. त्याचं मूळ कुजायला लागलं तेव्हा मी फांद्या तोडून कुंड्यांत लावल्या. एकूण एक काळी पडली. मग सूनबाई म्हणाली, "आई, मला द्या एक फांदी. आमच्या लॅबमध्ये करून बघते."

ही दिवसभर बाटल्यांत झाडं वाढवते. माती न लागता झाड लावणं म्हणजे हात न भिजवता भांडी घासणं, असं माझं मत. तरी दिली. तिनं पानाच्या बगलेतला डोळा धरून तुकडा कापला, औषधात धुतला आणि बाटलीतल्या जेलीत रोवला. त्याचं सगळं जेवणखाण म्हणे त्या जेलीतच.

कोंब फुटल्यावर मला दाखवायला ती बाटली घरी घेऊन आली. नखाएवढी पानं, पण आमच्याच गुलाबाची. कडेची ती करवत मी कुठंही ओळखेन.

ती आंघोळीला गेली आणि आमच्या ह्यांनी झाकण उघडून चमचाभर पाणी घातलं. पुढं जेलीवर कापसासारखी बुरशी चढली, कोंब आत बुडाला.

"जन्मात एका कुंडीला पाणी घातलं नाहीत," मी म्हटलं, "ह्याचीच दया आली?"

"तूच म्हणालीस, कोंडलंय बिचारं."

"म्हणाले. उघडा म्हणाले का?"

सूनबाई एवढंच म्हणाली, "घरी आणायलाच नको होती मी. दुसरी फांदी आहे?"

झाडावर एकच हिरवी फांदी उरली होती. तिच्या शेंड्याला कळी. ती उमललेली मला बघायची होती. पुन्हा दिसेल न दिसेल.

"फुलू द्या, आई. थांबते मी."

"तोवर फांदी वाळली तर?"

"वाळू शकते."

खोटा धीर दिला असता तर मी ऐकलं नसतं. मी कात्री आणली आणि फांदी बुडापासून तोडली. तिनं कळी कापून माझ्या हातात ठेवली, बाकीची ओल्या फडक्यात गुंडाळली.

"ह्या खेपेला घरी आणू नकोस. मी येईन बघायला. ह्यांना न घेता."

"तिथं चपला बाहेर काढाव्या लागतात, आई. डोक्याला टोपी. आणि कशाला हात लावायचा नाही."

आजवर मला असं कुणी सांगितलं नव्हतं.

"नाही लावणार," मी म्हटलं. "तू म्हणशील तिथं उभी राहीन."