महाराणीचं माप

चाळीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवले, पण ट्रायल घेतल्याशिवाय एकही कपडा पक्का शिवून दिला नाही. कच्चे टाके घालायचे, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचं, चुकलं असेल तिथं खडूनं खूण करायची. मग माझ्या मांजरांचं पुढचं बघायची वेळ आली तेव्हा मी कुणाच्या नुसत्या शब्दावर विसंबेन होय?

गेल्या महिन्यात जिन्यात पाय घसरला आणि तासभर तिथंच पडून राहिले. हाडं शाबूत राहिली, पण बंद दाराआड मांजरांचा कल्लोळ ऐकत पडले होते आणि डोक्यात एकच, मी गेल्यावर यांना कोण विचारणार? सातही जणं गटारातून, मोटारीच्या इंजिनातून, तोंड बांधलेल्या पोत्यातून काढलेली. आता रस्त्यावर जगायचं त्यांचं वय राहिलेलं नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "मृत्युपत्रात लिहू की. पण सांभाळणारं माणूस आधी नक्की करा."

मुलगा म्हणाला, "बघू, आई." तो स्वतःच्या लग्नालाही बघूच म्हणाला होता, तारीख शेवटी सुनेनं ठरवली.

"मी घेते सातही," सून म्हणाली.

माझी सून लिफ्ट दुरुस्त करते. हातात पाना, खिशात बॅटरी आणि बोलणं मोजून मापून. लग्न झाल्यावर पहिल्यांदा घरात आली तेव्हा "मांजरांचे केवढे हे केस" म्हणाली होती, ते मी विसरले नव्हते. मी काहीच विसरत नाही.

"घेते म्हणायला काय जातंय," मी म्हटलं. "आधी ट्रायल. आठ दिवस मी मेले असं समज आणि इथं येऊन राहा."

"बरं," ती म्हणाली. दुसरी कुणी असती तर निदान "असं अभद्र बोलू नका" तरी म्हणाली असती.

मी मापाची वही काढली. तिच्यात प्रत्येक मांजराचं एक पान आहे, गिऱ्हाइकाचं असतं तसंच. हवालदार: खाण्यात औषध मिसळलं तर ओळखतो, चमच्यानं पाजावं. जुळ्या, दोघींच्याही पानावर तेच: एका ताटलीत वाढू नये, रक्तपात होतो. महाराणी: पांढरीशुभ्र, निळे डोळे. हाक मारली तर ढुंकून बघत नाही. शिष्ट आहे, लाड करू नयेत. मशीन सुरू केलं की मात्र कुठूनही येऊन पायाशी बसते. माझ्या कामाची कदर असलेली या घरात ती एकटीच.

वही आणि खडू सुनेच्या हातात ठेवला आणि हाताखालच्या मुलींना आयुष्यभर जे सांगितलं तेच तिला सांगितलं. चूक दिसली तर तोंडानं बोलायचं नाही, खडूनं दाखवायची. चूक सापडेल असं मला वाटत नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

मी समोरच्या इमारतीत बहिणीकडे जाऊन राहिले. तिसऱ्या दिवशी न राहवून फोन लावला. "मेलेली माणसं फोन करत नाहीत, आई," असं म्हणून सुनेनं ठेवून दिला. बहीण पोट धरधरून हसली. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. पोरगी नियम पाळत होती.

नवव्या दिवशी घरी आले. सातही जणं गुबगुबीत. वही उघडली, सहा पानांवर खडूची एकही खूण नव्हती. महाराणीच्या पानावर "शिष्ट आहे" या शब्दांखाली निळ्या खडूची रेघ होती आणि शेजारी पेन्सिलीनं लिहिलं होतं: "ऐकू येत नाही."

माझा पारा चढला. "सहा वर्षं मी तिला सांभाळतेय. तू आठ दिवसांत मला शिकवणार?"

महाराणी आमच्याकडे पाठ करून जमिनीवर उन्हात बसली होती. सुनेनं पातेल्यांची दोन झाकणं घेतली आणि एकमेकांवर हाणली. सहा मांजरं कपाटाखाली गडप झाली. महाराणी पंजा चाटत राहिली.

"जेवायला हाक मारली की येते ती," मी म्हटलं.

"बाकीची पळताना दिसतात, म्हणून मागून येते."

"आणि मशीन?"

तिनं खाली बसून लाकडी जमिनीवर तळहात टेकवला. "मशीन चाललं की ही फळी थरथरते. मी लिफ्टची मोटर अशीच तपासते, हात लावून. महाराणीला ते पायांना कळतं. मी चालवून बघितलं."

"माझं मशीन चालवलंस?"

"तुम्ही मेला होतात." मग म्हणाली, "पाय आपटून बघा."

मी आपटला. महाराणीची मान गर्रकन वळली. मला बघून ती उठली आणि शेपटी ताठ करून सरळ माझ्या पायाशी आली. सहा वर्षांत पहिल्यांदा मी बोलावलं आणि ती आली. इतकी वर्षं मी तिला माजोरडी म्हणत होते आणि तिच्यापर्यंत माझी हाकच पोचली नव्हती. मी खाली बसले आणि रडले, त्यात लपवायचं काय. सून शेजारी बसून राहिली. तिच्या काळ्या पँटवर पांढरे केस चिकटले होते, तिनं ते झटकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वकीलबाईंकडे गेलो. "सुनेचं नाव घालायचं ना? नीट विचार केलाय?" त्यांनी विचारलं.

मी वही उघडून निळी रेघ दाखवली. "चाळीस वर्षांत माझ्या मापाला खडू लावायची कुणाची छाती झाली नव्हती," मी म्हटलं. "हिनं लावला. लिहा, सातही हिची."

सून खिडकीबाहेर बघत होती, पण कान लाल झाले होते. घरी येऊन मी "शिष्ट आहे" वर काट मारली आणि पेन्सिलीतलं तिचं अक्षर शाईनं गिरवून पक्कं केलं. हल्ली गिऱ्हाईक आलं की माप घेण्याआधी मी त्याला ते पान दाखवते, म्हणजे माझंही माप चुकू शकतं हे त्याला कळतं.